व्हायरस काढल्यानंतरची शुश्रूषा

(महिला मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



मला आपण बोलावले ते निवृत्त परिचारिका म्हणून. माझ्याकडून रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखीवर चार शब्द ऐकावेत अशी आपली अपेक्षा असणार. सचिवांना मी आधीच कळवले होते की या खेपेस मी दुसऱ्या एका आजाराविषयी बोलेन. तो माणसांना होत नाही, घरच्या संगणकाला होतो. पण त्याची झळ माणसांनाच लागते. माझ्या घरातील संगणकाला तो झाला तेव्हा झळ मला लागली नाही, माझ्या एका निरपराध मैत्रिणीला लागली. ती गोष्ट गेली पाच वर्षे मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. आज सांगते.

मी 1979 साली नर्सिंगची पदविका आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन कुवेतला गेले. मधला 1990-91चा काळ सोडला तर नोकरीची सारी वर्षे तिथल्या सरकारी रुग्णालयात, बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. निवृत्तीनंतरही लेक व जावई साल्मियाला राहतात म्हणून माझा मुक्काम बव्हंशी तिथेच असतो. समुद्राच्या बाजूच्या खोलीत एक लॅपटॉप होता. तो कोणा एकाचा नव्हता, साऱ्या घराचा होता. जावई त्यावर हिशेब करीत, नातू शाळेचे प्रकल्प करी, आणि मी माझ्या मुंबईच्या बँकेचे खाते पाहत असे व जुन्या मैत्रिणींना पत्रे लिहीत असे. वर्गातल्या आम्ही सात जणी अजून एकमेकींना ई-मेल लिहितो. व्हॉट्सॲप आले तरी आमची पत्रे थांबली नाहीत, कारण पत्रात मनासारखे सविस्तर लिहिता येते.

डिसेंबर 2019 मध्ये मला एक मेल आला. तो ओळखीच्या गृहस्थांच्या नावाने होता आणि आमच्याच जुन्या पत्रव्यवहाराला दिलेले उत्तर म्हणून आला होता. खाली माझेच शब्द होते. सोबत वर्डची एक फाईल होती. ती उघडली तर वर पिवळी पट्टी आली आणि मजकूर दिसण्यासाठी ‘एनेबल कंटेंट’ दाबा असे लिहिलेले होते. मी दाबले. आत काहीच निघाले नाही. गृहस्थांनी चुकून रिकामी फाईल पाठवली असे समजून मी जेवायला गेले.

त्या पट्टीवर आपण बोट ठेवतो तेव्हा फाईलमध्ये दडवलेल्या छोट्या आज्ञावलीला, जिला मॅक्रो म्हणतात, चालू होण्याची अनुमती देत असतो. त्या काळी जगभर हा प्रकार चालला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधील मॅक्रो आपणहून बंद ठेवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने 2022 साली अमलात आणला. मी दोन-अडीच वर्षे आधीच बोट ठेवून बसले होते.

जानेवारीत लॅपटॉप रांगू लागला. बँकेच्या पानावर एक जादा चौकट येऊ लागली. जावयाने तो हवल्लीला, इब्न खल्दून रस्त्यावरच्या एका दुकानात नेला. त्या रस्त्यावर संगणकांची दुकाने ओळीने आहेत. तिथला इजिप्शियन तंत्रज्ञ सज्जन होता. दोन दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा त्याने पडदा माझ्याकडे वळवला, तपासणीच्या शेवटी आलेले शून्य दाखवले आणि म्हणाला, “खलास, सिस्टर.” माहिती चोरणारा ट्रोजन होता, तो काढला, असे त्याने इंग्रजीत समजावले आणि जाता जाता सगळे पासवर्ड बदलायला सांगितले. आम्ही दहा दिनार दिले. पासवर्ड बदलायचे मात्र राहून गेले. त्या शून्याने आमचे समाधान झाले होते.

ज्या बाईने आयुष्यभर पोट शिवण्याआधी गॉजचे तुकडे मोजले, ती त्या शून्यावर विसंबली, याचे मला अजूनही नवल वाटते. थिएटरमध्ये शस्त्रक्रिया कितीही उत्तम झालेली असो, आत गेलेला गॉजचा प्रत्येक तुकडा बाहेर आल्याचा हिशेब जुळल्याशिवाय आम्ही सर्जनला टाका घालू देत नसू. किती मोठे सर्जन माझ्यावर चिडले असतील! इथे मी मोजणीच केली नाही. यंत्रातून काय निघाले ते पाहिले. यंत्रातून काय बाहेर गेले होते, ते विचारले नाही.

पुढे फेब्रुवारीच्या 24 तारखेला कुवेतमध्ये कोविडचे पहिले रुग्ण सापडले. मार्चच्या 22 पासून संचारबंदी लागली आणि 10 ते 30 मे संपूर्ण देश चोवीस तास बंद राहिला. विमाने नव्हती. जलीब आणि महबूला ही आपल्या लोकांची गजबजलेली वस्ती तर आधीच वेढून बंद केलेली होती. भारतातून सगळ्यांचे लक्ष आमच्याकडे लागले होते. अशा दिवसांत, मेच्या अखेरीस, माझ्या एका वर्गमैत्रिणीचा व्हॉट्सॲपवर फोन आला. ती अलिबागकडची, नवरा गेलेला, निवृत्तिवेतनावर राहणारी. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, औषधे मिळाली का तुला?”

मी म्हटले, कसली औषधे?

माझ्या पत्त्यावरून तिला मेल गेला होता. मी कुवेतमध्ये अडकले आहे, लेकीचे घर दुसऱ्या भागात, कार्ड चालत नाही, हृदयाची औषधे संपत आली आहेत, अमुक खात्यावर पस्तीस हजार पाठव, विमाने सुरू झाली की परत करते. मेल इंग्रजीत होता. आम्ही नेहमी रोमन अक्षरांत मराठी लिहितो, त्यामुळे तिला थोडे चमत्कारिक वाटले होते. पण घाईत असेन असे तिने मानले. आणि खाली सही होती ती वसतिगृहात मला ज्या नावाने हाक मारीत त्या नावाची. ते नाव तर माझ्या लेकीलाही ठाऊक नव्हते. चोराने आमची जुनी पत्रे वाचली होती.

ती भोळी नाही, हे मला सांगितले पाहिजे. तिने पैसे पाठवण्यापूर्वी दोनदा मेल करून विचारले होते: खरेच तू आहेस ना? दोन्ही वेळा तासाभरात उत्तर गेले, “होय, मीच.” मला तिच्या मेलपैकी एकही दिसला नव्हता. का दिसला नाही, ते जावयाने त्या रात्री शोधून काढले. माझ्या मेलच्या सेटिंगमध्ये कोणीतरी एक नियम लिहून ठेवला होता: ज्या पत्रात पैसे, बँक, ट्रान्सफर असे शब्द असतील, त्याची एक प्रत अनोळखी पत्त्यावर जावी आणि मूळ पत्र थेट कचऱ्यात पडावे. तो नियम लॅपटॉपमध्ये नव्हता. मेल देणाऱ्या कंपनीच्या यंत्रात, माझ्या खात्यात होता. लॅपटॉप दुकानात धुतला काय किंवा समुद्रात बुडवला काय, त्या नियमाला धक्का लागणार नव्हता.

मंडळींनो, मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, बाकीचे सारे त्याचा तपशील. व्हायरस काढून टाकल्याने चोर घराबाहेर जातो; त्याने नेलेल्या किल्ल्या परत येत नाहीत.

आता किल्ल्या म्हणजे काय काय, ते पाहू. पहिली किल्ली पासवर्ड. ब्राउझर आपल्याला आर्जवाने विचारतो, हा लक्षात ठेवू का? आपण हो म्हणतो. माझ्या ब्राउझरमध्ये असे एकेचाळीस साठलेले होते. माहिती चोरणारे हे ट्रोजन प्रथम त्याच कपाटावर हात मारतात. दुसरी किल्ली लोकांना ठाऊक नसते. आपण एकदा आत शिरलो की प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड द्यावा लागू नये म्हणून संकेतस्थळ आपल्या ब्राउझरकडे एक खूणचिठ्ठी ठेवते. तिला कुकी म्हणतात. रुग्णालयात फाटकावर एकदा ओळखपत्र दाखवून पास घेतला की दिवसभर तो छातीवर लावून कुठेही हिंडता येते, तसेच हे. तो पासच चोरीला गेला तर पासवर्डवाचून आत जाता येते, दुसऱ्या टप्प्याचा ओटीपीही मागितला जात नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही; खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ अशी सोय असते, ती वापरून वाटलेले सगळे पास रद्द करावे लागतात. तिसरी किल्ली म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा ई-मेल किंवा फोन क्रमांक. चौथी तो नियम, ज्याने माझा घात केला.

तिसऱ्या किल्लीत परदेशी राहणाऱ्यांसाठी एक खास धोका आहे. माझ्या खात्यात नोंदलेला क्रमांक माझ्या जुन्या भारतीय सिमचा होता. दोन वर्षे मी तो रिचार्ज केलेला नव्हता. भारतात एखादा क्रमांक नव्वद दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करून पुढे दुसऱ्या ग्राहकास देऊ शकते. म्हणजे माझ्या मेलखात्याची चावी उद्या नागपूरच्या किंवा नांदेडच्या कोणा अपरिचित माणसाच्या खिशात वाजू शकली असती. आखातात, इस्रायलमध्ये, कॅनडात ज्यांची मुले आहेत त्यांनी आज रात्रीच मुलांना विचारावे, तुमच्या बँकेत कोणता क्रमांक दिला आहे आणि तो जिवंत आहे का?

हे केवळ माझ्यासारख्या अडाणी म्हातारीच्या बाबतीत घडते असे समजू नका. एमोटेट नावाचा एक कुप्रसिद्ध ट्रोजन होता. जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर दिल्याचे भासवून वर्डची फाईल पाठवणे ही त्याचीच रीत. जानेवारी 2021 मध्ये नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, ब्रिटन इत्यादी देशांच्या पोलिसांनी मिळून त्याची यंत्रणा ताब्यात घेतली आणि 25 एप्रिलला तो लागण झालेल्या संगणकांतून आपोआप पुसला जाईल अशी व्यवस्था केली. याहून चांगली सफाई कोणती? तरीही त्याने तोवर गोळा केलेले पत्ते व पासवर्ड बाहेर होतेच. म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने त्यांतले सुमारे 43 लाख ई-मेल पत्ते ‘हॅव आय बीन पोन्ड’ या ऑस्ट्रेलियन संकेतस्थळाकडे सोपवले, की लोकांनी आपला पत्ता चोरीच्या यादीत आहे का ते पाहावे आणि किल्ल्या बदलाव्यात. ते स्थळ मोफत आहे. तिथे केवळ आपला ई-मेल पत्ता लिहायचा. पासवर्ड लिहायचा नाही.

आणि कुवेतचेच एक उदाहरण आहे, जे जावयाने मला सांगितले तेव्हा मी वहीत टिपून ठेवले. 2019 मध्ये तिथल्या जहाज व मालवाहतूक क्षेत्रातील संस्थांवर हल्ला झाल्याचे पालो आल्टो नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी त्या वर्षी सप्टेंबरात प्रसिद्ध केले. हल्लेखोरांनी आपल्या हत्यारांना एका जपानी व्यंगचित्रमालिकेतील पात्रांची नावे दिली होती. त्यांतले हिसोका नावाचे हत्यार मोठे कावेबाज होते. ते मेल पाठवीतच नसे. मेलखात्यातील ड्राफ्ट म्हणजे अर्धवट पत्रांच्या कप्प्यात आज्ञा लिहून ठेवायची, तिथूनच ती वाचायची आणि उत्तरही तिथेच ठेवायचे. न पाठवलेले पत्र कोण तपासतो? पुढच्या वर्षी त्याच टोळीची आणखी दोन गुप्त दारे कुवेतच्या एका संस्थेच्या मेल सर्व्हरवर आढळली, आणि त्यांपैकी एकाने तर पुसलेल्या पत्रांच्या कप्प्यात आपले ड्राफ्ट ठेवले होते. ती दारे जागी ठेवण्यासाठी विंडोजच्या वेळापत्रकात, टास्क शेड्युलरमध्ये, दोन कामे नेमून दिलेली होती; नावे अशी साळसूद, की ती विंडोजचीच वाटावीत. ठरावीक मिनिटांनी उठायचे आणि दार उघडे आहे ना ते पाहायचे. मोठ्या संस्थेत हे महिनोन्महिने चालू शकते, तर साल्मियाच्या फ्लॅटमध्ये का चालणार नाही?

तेव्हा आम्ही जूनमध्ये जे केले ते क्रमाने सांगते, कारण इथे क्रमालाच महत्त्व आहे. आजारी लॅपटॉपवर बसून नवा पासवर्ड लिहिणे म्हणजे हात न धुता नवी पट्टी बांधणे. म्हणून आम्ही आधी लॅपटॉपचे वायफाय बंद केले आणि लेकीच्या फोनवरून, जो अपडेट केलेला व निरोगी होता, काम सुरू केले. पहिला पासवर्ड मेलचा. बँकेचा नव्हे, मेलचा. कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’ हे पत्र मेलवरच येते. तो नियम पुसला. सर्व उपकरणांवरून बाहेर पडलो. परतीचा क्रमांक बदलला. ड्राफ्ट व कचरापेटी उघडून पाहिली, आणि कचरापेटीत माझ्या मैत्रिणीची ती दोन पत्रे मिळाली. “खरेच तू आहेस ना?” ती वाचल्यावर त्या रात्री मी पुढचे काम करू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी बँका. मुंबईच्या बँकेला आणि इथल्या बँकेला फोन करून कळवले, कार्डे बदलून मागितली. मग दोन टप्प्यांची तपासणी प्रत्येक ठिकाणी चालू केली आणि अडचणीच्या वेळी वापरायचे दहा राखीव आकडे छापून पासपोर्टच्या पिशवीत ठेवले. परदेशात हे छापील आकडे फार उपयोगी पडतात, कारण कुवेतचे सिम इथे आणि इथले सिम कुवेतला चालेलच असे नाही, आणि त्या गैरसोयीला कंटाळून लोक दुसरा टप्पाच बंद करून टाकतात.

मग लॅपटॉप. जावयाचे मत पडले की चोर कोठे कोठे खिळे मारून गेला ते शोधत बसण्यापेक्षा सगळे पुसून विंडोज नव्याने बसवावे. माहिती चोरणारा किंवा दुरून यंत्र चालवणारा ट्रोजन शिरला असेल तर मीही आता तोच सल्ला देईन. दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे, थोडे पैसे अधिक लागले तरी. पण पुष्कळदा लागण किरकोळ असते, नुसत्या जाहिरातींची, आणि पुसण्याइतका उत्साह किंवा पैसा नसतो. त्यांनी निदान मोजणी तरी करावी. विंडोजबरोबर डिफेंडर नावाचा संरक्षक फुकट येतो. त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो विंडोज जागे होण्यापूर्वी तपासतो, म्हणजे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पाव तास लागतो. दोन-दोन अँटिव्हायरस एकदम चालू ठेवू नयेत; एकाच रुग्णावर दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता औषध चालवावे तसे होते.

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन म्हणून जी उपांगे जोडलेली असतात त्यांतली आपण स्वतः न मागितलेली सगळी काढावीत. ज्या संकेतस्थळांना आपण नकळत सूचना पाठवण्याची परवानगी दिली ती मागे घ्यावी. ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस’ अशा कोपऱ्यात येणाऱ्या धमक्या बहुतेकदा तिथूनच येतात. साठवलेले पासवर्ड पुसावेत. ॲप्सच्या यादीत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असे दुरून यंत्र चालवणारे काही दिसले आणि ते घरातल्या कोणी घेतलेले नसेल तर काढावे. टास्क शेड्युलर आणि स्टार्टअपची यादी घरातल्या जाणत्या मुलाकडून पाहून घ्यावी. आणि सिस्टिम रिस्टोअरचे जुने बिंदू पुसून नवा करावा. हा बिंदू म्हणजे यंत्राने आपल्या पूर्वीच्या प्रकृतीचा काढलेला फोटो. आजारपणात काढलेल्या फोटोवरून यंत्र पुन्हा उभे केले, तर आजारही त्याच्यासोबत परत येण्याची भीती असते. हे सफाई पूर्ण झाल्यावरच करायचे, आधी नाही. आधी केले आणि सफाईत काही बिघडले तर मागे जायला वाट उरत नाही.

आमच्या लॅपटॉपवर विंडोज 7 होते. मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट 14 जानेवारी 2020 रोजी, म्हणजे आम्ही ‘खलास’ ऐकून घरी आलो त्याच महिन्यात, थांबवले होते. आम्हाला पत्ताच नव्हता. आता विंडोज 10 चेही नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहेत; इथे बसलेल्या कित्येकांच्या घरी तेच असेल. यंत्र पेलत असेल तर विंडोज 11 घ्यावे. पेलत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवावे, तेही नको असेल तर त्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. अपडेट म्हणजे कटकट असे मलाही वाटे. पण मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसाने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला कसे लुळे केले ते मी वर्तमानपत्रात वाचले होते. 236 ट्रस्टपैकी किमान 81 ना झळ बसली, सुमारे 19,000 भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. दोन महिने तो कोणीतरी ‘नंतर करू’ म्हणून ठेवला. थिएटरची यादी रद्द होते तेव्हा सकाळपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाला जाऊन सांगण्याचे काम परिचारिकेकडे येते, म्हणून ती बातमी माझ्या मनातून जात नाही.

आमच्या घरात आता रोजच्या वापरासाठी साधे खाते आहे आणि प्रशासकाचे वेगळे, ज्याचा पासवर्ड फक्त लेकीकडे. काहीही नवे बसवायचे तर तिला उठवावे लागते. नातू कुरकुरतो. कुरकुरू दे.

पासवर्ड मी वहीत लिहिते. तरुण मंडळी हसतात, पण एकच पासवर्ड एकेचाळीस ठिकाणी ठेवण्यापेक्षा कपाटातली वही बरी, असे माझे ठाम मत आहे. कुवेतमधला माझा ट्रोजन वही वाचू शकत नव्हता. ज्यांना जमते त्यांनी पासवर्ड मॅनेजर वापरावा. वही पर्समध्ये घालून बाजारात मात्र नेऊ नये.

कागदपत्रांच्या प्रतींविषयी एक जुनी आठवण सांगते, विषयांतर वाटेल. ऑगस्ट 1990 मध्ये इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. सप्टेंबरात आम्ही बसने बसरा, बगदाद करीत अम्मानला पोचलो आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. मागे घरातले सगळे लुटले गेले, आल्बमसुद्धा. लग्नाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पण नर्सिंगच्या नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र मी आईकडे ठाण्याला ठेवलेले होते. त्या एका कागदाच्या बळावर मला पुन्हा नोकरी मिळाली. जावयाने लॅपटॉप पुसण्यापूर्वी विचारले, “आई, काय काय वाचवायचे?” तेव्हा मला तेच आठवले. फोटो आणि कागदपत्रे तेवढी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, तपासली, आणि प्रोग्राम एकही घेतला नाही. काम होताच डिस्क काढून कपाटात. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसाला लॅपटॉपइतकीच सोपी. दुसरी प्रत इथे ठाण्याला आहे. पुन्हा ठाण्यालाच!

शेवटचे काम सर्वांत अवघड होते. मेलच्या यादीतल्या एकशे बारा जणांना कळवायचे होते की माझे खाते चोरीला गेले होते, माझ्या नावाने काही आले असेल तर विश्वास ठेवू नका. साथीत रुग्णाच्या संपर्कातल्यांना शोधून सांगतात, तेच हे. फक्त इथे रोग माझा होता आणि लाजही माझी. दोघांना तसेच पत्र गेले होते, त्यांनी पैसे दिले नव्हते. उरलेल्यांनी धीर दिला. लाजेपोटी जानेवारीत गप्प बसले नसते, तर मैत्रिणीला मेमध्ये ते पत्र खोटे असल्याचे ठाऊक असते.

तिने पोलिसांत तक्रार दिली. टाळेबंदीचे दिवस, पैसे मिळाले नाहीत. आज असे झाले तर भारतात 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी कळले तर अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून तासांचे नव्हे, मिनिटांचे महत्त्व. कुवेतमध्ये गृहखात्याचा सायबर गुन्ह्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि 2015चा 63 क्रमांकाचा कायदा आहे. तिथे आता सिव्हिल आयडीसुद्धा फोनवर आली, सरकारी कामे साहेल ॲपवर होतात, आणि ‘तुम्हीच आहात का, मंजुरी द्या’ अशी विचारणा फोनवर उगवते. ती आपण स्वतः सुरू केलेल्या कामाची नसेल तर नाकारायची, समोरचा फोनवर कितीही अधिकाऱ्याच्या थाटात बोलत असो.

पस्तीस हजार मी तिला पाठवले. तिने ते परत पाठवले. मी पुन्हा पाठवले. असे तीनदा झाल्यावर तिने निम्मे ठेवून घेतले. आमच्या सात जणींत आता एक खुणेचा शब्द ठरलेला आहे. पैशाचा विषय निघाला की फोन करून तो विचारायचा, मेलवर कधीच लिहायचा नाही. गेल्या वर्षी मी तिच्याकडे खरेच हजार रुपये उसने मागितले, रिक्षात पाकीट राहिले म्हणून, तर तिने फोनवर आधी शब्द विचारला. मी तिच्या दारात उभी होते.

आता मागच्या टेबलावर माझा नातू बसला आहे. ज्यांनी फोन आणले आहेत त्यांच्या मेलमध्ये तसा नियम कोठे दिसतो आणि परतीचा क्रमांक कोणता आहे, ते तो दाखवील. पासवर्ड त्याला सांगू नका, आपणच टाका. चहा झाल्यावर पहिल्या पाच जणींनी यावे. चष्मा विसरू नका.